पुन्हा आढळत नाही

आमच्या आईला शेवटपर्यंत माझी नोकरी नीट सांगता आली नाही. वडीगोद्रीत कुणी विचारलं, "वंदी काय करती जालन्याला?" तर ती म्हणायची, "कॉम्प्युटरमधल्या चुका काढती." त्यावर शेजारची चंद्रभागाबाई म्हणायची, "मंग मास्तरीणच म्हण की." आई म्हणायची, "मास्तरीण लेकरांच्या चुका काढती, ही मोठ्या माणसांच्या काढती." सतरा वर्षं मी हे काम केलं, पण त्याची याहून चांगली व्याख्या मला कुणी सांगितली नाही.

सॉफ्टवेअर लिहिणारा एक असतो आणि ते गिऱ्हाइकाकडं जायच्या आधी बिघडवून बघणारा दुसरा. मी दुसरी. जिथं वय लिहायचं तिथं मी नाव लिहायची, जिथं एकदा बटण दाबायचं तिथं सात वेळा दाबायची, मधेच नेटची वायर उपटायची. गडबड झाली की यादीत नोंद करायची: मी काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. मग लिहिणारा ती चूक दुरुस्त करतो, मी पुन्हा बघते आणि नोंद बंद करते. नोंद बंद करायचा अधिकार फक्त तपासणाऱ्याचा.

आमची कंपनी नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला, एका बियाणं कंपनीच्या ऑफिसच्या वर होती. आम्ही चौदा माणसं. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांत लॅबची छोटी केंद्रं असतात. तिथं पेशंटचं नाव कॉम्प्युटरवर चढतं, एक नंबर मिळतो, त्या नंबरचं स्टिकर रक्ताच्या नळीवर लागतं. नळ्या मोटारसायकलवरून जालन्याला येतात, तपासणी होते, नंबरासमोर आकडे भरले जातात आणि रिपोर्ट पेशंटच्या हातात पडतो. नाव, नंबर आणि नळी या तिघांची गाठ सुटू द्यायची नाही, एवढंच आमच्या सॉफ्टवेअरचं खरं काम. बाकी सगळी सजावट.

कंपनी काढली लोखंडे सरांनी. आधी ते पॉलिटेक्निकला शिकवायचे. हाताखालच्या माणसावर आवाज चढवलेला मी त्यांना कधी ऐकलं नाही, पण त्याहून वेगळी एक गोष्ट त्यांच्यात होती. चूक सापडली की ते खुर्ची ओढून आपल्याजवळ बसायचे आणि म्हणायचे, "दाखव बरं कसं झालं." कुणी केलं हे ते विचारायचेच नाहीत.

एक साधं उदाहरण सांगते. परतूरच्या एका गिऱ्हाइकाकडून आकडेवारी आली, त्यात पन्नासेक पेशंट नव्याण्णव वर्षांचे. ऑफिसात हशा झाला. परतूरचं पाणी चांगलं असलं पाहिजे, वगैरे. गणेश जाधव नावाचा आमचा सगळ्यात हुशार प्रोग्रॅमर म्हणाला, "तिथली रिसेप्शनवाली बाई कायबी भरून राह्यली सर." सर मला घेऊन परतूरला गेले. दुपारभर त्या बाईच्या शेजारी स्टुलावर बसले. एक आजोबा आले. बाईनं वय विचारलं. "साठ असंल, का सत्तर. लई झालं." आमच्या सॉफ्टवेअरला वयाचा रकाना रिकामा चालायचा नाही आणि अंदाजही चालायचा नाही. मागं रांग. बाईनं नव्याण्णव मारलं आणि पुढं गेली. परत येताना सर एसटीत म्हणाले, "तिची न्हाई, आपली चूक हाय. माणसाला खोटं बोलल्याबिगर पुढंच जाता येत न्हाई असं आपण करून ठेवलं." दुसऱ्याच आठवड्यात वयाच्या रकान्यापुढं 'अंदाजे' असा चौकोन आला.

त्यांनी एक नियमही केला होता. नवीन आवृत्ती बाहेर जायची ती माझी सही झाल्यावरच. एकदा नांदेडचं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं, चहा-फराळ झाला होता, आणि मी सही केली नाही. गिऱ्हाईक भडकून निघून गेलं. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. सरांनी नुसतं विचारलं, "बिलकुल खात्री हाय ना तुझी?" मी म्हटलं, "हो सर." "मंग झालं," म्हणाले आणि उरलेल्या भज्यांची प्लेट माझ्याकडं सरकवली.

पुढं सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्यांच्या मुलांनी कंपनी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला देऊन टाकली आणि तिथून समीर दाभाडे आमचे साहेब म्हणून आले.

त्यांच्याविषयी लिहिताना मला हात आखडता घ्यावा लागतो, कारण वाचणाऱ्याला राक्षस पाहिजे असतो आणि ते तसे नव्हते. सगळ्यांच्या आधी यायचे. प्रत्येकाच्या लेकराचं नाव त्यांना पाठ. गणेशच्या वडिलांचं छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन दिवस दवाखान्यात बसून राहिले. फक्त वाईट बातमी त्यांना सहन व्हायची नाही. वाईट बातमी आणणारा माणूसच त्यांना बातमीचं कारण वाटायचा.

आल्या महिन्यातच त्यांनी भिंतीवर मोठा टीव्ही लावला. त्यावर आम्हा सगळ्यांची नावं. ज्याच्या कामात उघडी चूक असेल त्याचं नाव लाल, नसेल त्याचं हिरवं. तपासणाऱ्यांचंही तसंच: चूक नोंदवली आणि आठ दिवसांत मिटली नाही की आमचंही नाव लाल. रोज सकाळी दहाला मीटिंग. लाल नावाच्या माणसानं मीटिंगभर उभं राहायचं. शिक्षा म्हणून नाही हं, साहेब हसून म्हणायचे, "उभं राहिलं की विचार लवकर सुचतो."

पुण्या-मुंबईच्या माणसाला यात काही वाटणार नाही कदाचित. मला वाटायचं. माझ्या वडिलांना लहानपणी शाळेत वर्गाबाहेर उभं करायचे, खिडकीतून ऐकायला. ते पुढं जिल्हा परिषदेचे शिक्षक झाले, पण एखाद्या कार्यक्रमात खुर्ची कमी पडली तर ते उभं राहायचे नाहीत, घरी निघून यायचे. आमच्या बौद्ध वस्तीतून इंजिनिअर झालेली मी पहिली मुलगी. पहिल्यांदा माझं नाव लाल झालं त्या दिवशी मी पंचवीस मिनिटं उभी राहिले आणि मनात ठरवलं की पुन्हा उभं राहायचं नाही. चांगलं काम करून उभं राहायचं नाही, असं नव्हतं ते. कसंही करून उभं राहायचं नाही, असं होतं.

सगळ्यांनी तेच ठरवलं. प्रोग्रॅमर माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणायचे, "ताई, यादीत नका टाकू, तोंडी सांगा, मी करून टाकतो." मी तोंडी सांगायची. काही करायचे, काही विसरायचे. अवघड चुकांना कुणी हात लावायचं नाही, कारण हात लावला की दिवस जाणार आणि दिवस गेले की लाल. वर्षभरात टीव्ही हिरवागार झाला. पुण्याहून मोठे साहेब आले, टीव्हीसमोर आमचा फोटो काढला. चुका कमी झाल्या नव्हत्या. लिहिणं कमी झालं होतं.

अशात मला ती चूक सापडली.

खेड्यातल्या केंद्रांचं नेट सारखं जायचं. नेट गेलं तरी काम थांबू नये म्हणून केंद्राचा कॉम्प्युटर पेशंटला तात्पुरता नंबर द्यायचा: आधी केंद्राचा नंबर, मग पेशंटचा. वाटूरचं केंद्र चार, वडीगोद्रीचं नऊ. वाटूरचा सातवा पेशंट चार-सात, वडीगोद्रीचा सातवा नऊ-सात. नेट आलं की ही नावं जालन्याच्या मुख्य कॉम्प्युटरवर चढायची. मी टेबलावर दोन कॉम्प्युटर ठेवून दोन केंद्रांचं सोंग केलं, दोन्हींच्या वायरी काढल्या आणि एकदमच परत लावल्या. तेव्हा दिसलं की दोघं अगदी एकाच क्षणी जोडले गेले तर कधीकधी पुढचा केंद्राचा नंबर गळून पडतो. मग उरतो नुसता सात आणि सात. दोन गावांत एका नावाची दोन माणसं असावीत आणि गावांची नावंच पुसली जावीत, तसं. याचा रिपोर्ट त्याला, त्याचा याला.

मी तीस वेळा करून बघितलं. दोनदा घडलं.

गणेशला दाखवलं. तो भाग त्यानंच लिहिलेला. त्यानं पडदा बघितला. मग म्हणाला, "खरं हाय ताई. पण हे उघडलं तं पायापासून उघडावं लागतंय. पंधरा दिवस जातेत. पंधरा दिवस मी लाल, तुम्हीबी लाल. आन आवृत्ती तर सोमवारी जायचीय."

तरी मी ती यादीत टाकली. सकाळी मीटिंगला उभी राहिले.

साहेब म्हणाले, "तीसमधून दोनदा? म्हणजे अठ्ठावीस वेळा बरोबर चालतंय ना?"

मी म्हटलं, "सर, हा रक्ताचा रिपोर्ट आहे."

"साळवे मॅडम, मी तुम्हाला खोटं लिहा असं म्हणतच नाहीये. घडतं ना? मग घडवून दाखवा. आत्ता, सगळ्यांसमोर."

माझे दोन्ही कॉम्प्युटर मीटिंगच्या टेबलावर आणले. बारा माणसं बघत होती. मी वायरी काढल्या, लावल्या. काही झालं नाही. पुन्हा. काही नाही. पाच वेळा केलं. हाताला घाम सुटला होता, दोन्ही वायरी एकाच क्षणी बसेनात. कुणीतरी घड्याळ बघितलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. मी गणेशकडं बघितलं. तो स्वतःच्या वहीत बघत होता.

"मग?" साहेबांनी विचारलं. आवाज अगदी मऊ.

नोंद बंद करताना कारण द्यावं लागतं. कारणांची तयार यादी असते, त्यातलं एक निवडायचं. मी 'पुन्हा आढळत नाही' हे निवडलं. माझं नाव हिरवं झालं आणि मी खुर्चीत बसले. सोमवारी आवृत्ती बाहेर गेली. त्यावर माझी सही आहे.

त्यानंतर काहीच झालं नाही. हे सांगणं महत्त्वाचं आहे. पूल पडला की आवाज होतो. आमच्या धंद्यात चूक घडते तेव्हा आवाज होत नाही, कागद छापून बाहेर येतो आणि तो इतर कागदांसारखाच दिसतो. महिन्याभरात मी ती गोष्ट विसरले. तीन-चार वर्षं गेली.

मग एक दिवस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक असलेल्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा मेल आला होता. वाटूरच्या केंद्रावर मनीषा नावाच्या एका बाईची पहिल्या गरोदरपणात रक्तगटाची तपासणी झाली होती. रिपोर्ट आला बी पॉझिटिव्ह. गावाजवळच्या छोट्या दवाखान्यात तिचं बाळंतपण झालं, मुलगी झाली, त्यांनी तोच रिपोर्ट धरला. आता दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मोठ्या दवाखान्यात तपासलं तर बाई बी निगेटिव्ह.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आईचं रक्त निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असेल तर पहिल्या बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत आईला एक इंजेक्शन द्यावं लागतं. नाही दिलं तर तिचं रक्त पुढच्या बाळाच्या रक्ताशी वैर धरू शकतं. एक सुई. पण ती द्यायची हे कागदावरून ठरतं.

"लॅबला संशय आहे की टेक्निशियननं नळ्यांची अदलाबदल केली," साहेब म्हणाले. "शेख अय्युब म्हणून कुणी आहे तिथं. आपल्याकडून फक्त एक पत्र पाहिजे, की सॉफ्टवेअर तपासलं, दोष आढळला नाही. तपासणी प्रमुख म्हणून तुमची सही. आधी नोंदी बघून घ्या अर्थात."

मी नोंदी बघितल्या. कोणतं केंद्र किती वाजता जोडलं गेलं हे मुख्य कॉम्प्युटरवर सेकंदापर्यंत लिहिलेलं असतं. त्या दिवशी वाटूर आणि वडीगोद्री, दोन्हींचं नेट गेलं होतं. दोन्ही परत जोडली गेली होती एकाच सेकंदाला. मनीषा त्या दिवशीची सातवी होती.

मी साहेबांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे तुमच्या-माझ्यातच राहू दे. एका सेकंदाला जोडली गेली म्हणजे अदलाबदल झालीच असं सिद्ध होतं का?"

"नाही सर. सिद्ध नाही होत."

"मग दोष आढळला नाही हे खोटं आहे का?"

मी सही केली. नोकरीची भीती होती म्हणून केली असं लिहिलं तर ते सोपं होईल. पण तेव्हा भीतीसुद्धा वाटली नाही. पाच वर्षांत माझ्या मानेला एक सवय लागली होती. समोरून मऊ आवाज आला की ती आपोआप हलायची.

अय्युबभाईला लॅबनं काढून टाकलं. हे मला ऑफिसात चहा पिताना कळलं. कुणीतरी म्हणालं, "सुटलो बाबा." मी तो चहा तसाच ठेवला.

आठ दिवसांनी रविवारी मी वाटूरला गेले. कशासाठी जातेय हे घरी सांगितलं नाही, मलाही धड माहीत नव्हतं. अय्युबभाई फाट्यावर भावाच्या पंक्चरच्या दुकानात बसला होता. पन्नाशीचा, बारीक, हातात अजून लॅबनं दिलेलं घड्याळ. मी कोण ते सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल. त्यानं स्टूल पुसून दिलं.

"बीस साल हो गए मॅडम खून निकालते. लेकरांची नस सापडत न्हाई, म्हाताऱ्यांची सापडत न्हाई, मेरेकू सापडती. आज तक एक नळी इदर की उदर न्हाई हुई." मग तो घरात जाऊन एक लांबट वही घेऊन आला. "तुमचा कॉम्प्युटर आल्यापास्नं मी हे करून राह्यलो. दोन स्टिकर निघतेत ना, एक नळीला लावतो, एक हितं. बाजूला नाव, आन पेशंटचा अंगठा न्हाई तर सही."

"का?"

"तुमचे कॉम्प्युटरपे भरोसा न्हाई था, मॅडम," तो म्हणाला. रागानं नाही, आज हवा गरम आहे म्हणावं तसं.

त्या तारखेचं पान काढलं. चार-सातचं स्टिकर, मनीषाचं नाव, बाजूला तिची सही. वाकडी, पण पूर्ण नावाची. मोबाइलवर मी नोंद उघडली. नाव आणि वेळ जुळत होती. नळी बरोबर होती, गाठ सुटली होती ती आमच्या कॉम्प्युटरमध्ये.

"ही वही तुम्ही लॅबला दाखवली नाही?"

"दाखवाया गेल्तो. साहब लोग बोले, कंपनीचा लेटर आलाय, सॉफ्टवेअर बराबर हाय. लेटर के सामने मेरी वही कौन देखता?"

त्या लेटरवरची सही माझी आहे, हे मी त्याला सांगितलं. टायर पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते त्याचा भाऊ बघत होता, अय्युबभाई त्याच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तो फिर आप ही बताओ, क्या करना."

सोमवारी मी साहेबांकडं गेले नाही. गेले असते तर पुन्हा मान हलली असती. मी सुट्टी टाकली, नोंदी छापून घेतल्या होत्या त्या आणि वहीच्या पानाचा फोटो घेऊन सरळ लॅबच्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले. माझी बंद केलेली जुनी नोंदही दाखवली. त्यांनी सगळं दोनदा वाचलं. पहिला प्रश्न त्यांनी मनीषाबद्दल विचारला नाही, माझ्याबद्दलही नाही. त्यांनी विचारलं, "असं अजून किती वेळा झालंय?"

मी ते मोजून ठेवलं होतं. दोन केंद्रं एकाच सेकंदाला जोडली गेली असे अकरा प्रसंग. त्यांतले सगळेच बिघडले नसणार, पण कोणते बिघडले हे नुसतं बघून सांगता येत नव्हतं. शंभराच्या आसपास माणसं होती. त्या सगळ्यांना शोधून पुन्हा तपासायला लॅबला दोन महिने लागले. मी त्यांच्याकडं बसून फोन लावत होते. बहुतेकांचं काही बिघडलं नव्हतं. वडीगोद्रीची नऊ-सात नंबरची बाई पॉझिटिव्ह निघाली, तिला नको असलेलं इंजेक्शन दिलं गेलं होतं, त्यानं तिला काही झालं नाही. एका म्हाताऱ्या माणसाला साखर कमी करायची गोळी नको असताना दीड वर्ष चालू होती, त्याला चक्कर येऊन तो दोनदा पडला होता. चार माणसं सापडलीच नाहीत. ऊस तोडायला गेलेली, नंबर बदललेले. त्यांचं काय झालं हे मला आजही माहीत नाही.

लॅबनं आमचं सॉफ्टवेअर बंद केलं. मागोमाग आणखी दोघांनी. सहा महिन्यांत पुण्याच्या कंपनीनं जालन्याचं ऑफिस गुंडाळलं. दाभाडे साहेबांना पुण्यात वरची जागा मिळाली. त्यांच्या निरोपाला शाल-नारळ होतं असं ऐकलं, मी तोवर राजीनामा दिला होता. बाकीची तेरा माणसं कुठंकुठं गेली. गणेश आता एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये बसतो. एकदा बसस्टँडवर भेटला. मी थांबले. तो म्हणाला, "ताई, तुम्ही केलं ते बराबर होतं. पण माझ्याच्यानं तुमच्याशी बोलणं होत न्हाई." आणि गेला. त्याला दोष देत नाही. त्या मीटिंगमध्ये त्यानं वहीतून मान वर केली नाही, हे त्याला माझ्याइतकंच आठवत असणार.

लोक मला विचारतात, दोन साहेबांत असा काय फरक होता की त्याच माणसांच्या हातून एवढं वेगळं काम झालं? गणेश तोच, मी तीच, टेबलंसुद्धा तीच. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. लोखंडे सरांपुढं चूक सांगितली की ती त्यांची व्हायची. दाभाडे साहेबांपुढं सांगितली की ती आपल्याच गळ्यात पडायची. याच्यापलीकडं मला काही सापडलं नाही. पण साहेब कसाही असो, त्या यादीतलं कारण माझ्या बोटानं निवडलं होतं. त्याला साहेबाचं बोट लागलं नव्हतं.

अय्युबभाईला लॅबनं परत बोलावलं. तो गेला नाही. म्हणाला, "अब हात कांपते मेरे." त्याची ती वही मात्र डॉक्टरीणबाईंनी मागून घेतली आणि आता त्यांच्या सगळ्या केंद्रांत तशी वही ठेवतात.

मनीषाकडं जायचं मी पुढं ढकलत राहिले. लॅबनं तिला पत्र पाठवलं होतं, त्यात 'तांत्रिक कारणामुळे' असं लिहिलेलं. असल्या शब्दांनी कुणाला काय कळतं ते मला माहीत आहे, मी असले शब्द लिहीतच होते. शेवटी उन्हाळ्यात एका सकाळी गेले. वाटूरहून आत तीन किलोमीटरवर तिचं घर. ती अंगणात शेवया वाळत घालत होती. पंचविशीची असेल. मुलगी ओट्यावर पाटी घेऊन बसलेली. तिनं मला ताई म्हणून पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं.

मी तिला सगळं सांगितलं. जोडणं, तुटणं, नंबर, सगळं साध्या भाषेत. इंजेक्शनचं सांगितलं. मला ती चूक आधीच सापडली होती आणि मी ती बंद केली, हेही सांगितलं. ती शेवया पसरत ऐकत होती. हात थांबला नाही.

"म्हंजी तुम्हाला तवाच माहीत होतं."

"हो."

"पहिल्या पोरीच्या आधी."

"हो."

तिनं शेवयांवरची माशी हाकलली. तिच्या रडण्या-ओरडण्याची तयारी करून मी गेले होते. ती म्हणाली, "पुढलं लेकरू राहतंय का म्हणून इचारलं म्या डॉक्टरला. ते म्हणले, लई जोखीम हाय." मग म्हणाली, "हितं घरात सगळे म्हणतेत, हिच्या अंगातच खोट हाय. हिच्या माहेरचं रक्तच खराब. सासू म्हणती, मालक म्हणतेत. मालकाचं दुसरं लगीन करायचं बोलणं चालू हाय. मलाबी तसंच वाटाया लागलं होतं, ताई. आपल्यातच काय तरी असंल."

"तुझ्यात काही नव्हतं. निगेटिव्ह रक्त म्हणजे खोट नव्हे."

"मला नका सांगू," ती म्हणाली. हात पदराला पुसले आणि उठली. "आत मालक हायेत, सासू हाय, दीर आल्यात. आत या आन त्यांच्यासमोर सांगा. मला सांगितलं तसंच. तुमच्या तोंडानं."

मी चप्पल काढली आणि आत गेले. तिघं जेवायला बसले होते. मनीषा दाराला टेकून उभी राहिली. मी माझं नाव सांगितलं आणि सुरुवात केली.